मागच्या सीटखालचा सांधा

वाहन तपासणी केंद्रात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी रांगेत येऊन उभी राहिली की तो लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून अर्धा मिनिट उभा राहायचा. मग म्हणायचा, "बेल्ट जायला आलाय," किंवा "दुसऱ्या सिलिंडरची कुरकुर आहे." पुढे गाडीला वायर जोडून दोष सांगणारी यंत्रं आली. तरी कानसेनचं निदान आधी यायचं आणि यंत्राचं मागून, आणि बहुतेक वेळा दोघांचं जमायचं. चोवीस वर्षं तो तिसऱ्या रांगेवर होता. तिसरी रांग घरगुती गाड्यांची.

त्यामुळे नात्यात, शेजारात कुणीही जुनी गाडी घ्यायची म्हटली की रविवारी सकाळी कानसेनच्या दारात हजर. तोही चहा अर्धवट टाकून निघायचा. लोकांसाठी त्याने पन्नासएक गाड्या निवडल्या असतील. स्वतःच्या दारात मात्र अठरा वर्षांचं एक खटारं होतं. त्याचं मागचं डावं दार आतून उघडायचं नाही. बाहेरून कुणीतरी येऊन उघडेपर्यंत आतल्या माणसाने बसून राहायचं.

आत बसून राहावं लागायचं ते सासऱ्यांना. सासू गेल्यापासून ते लेकीकडे राहात होते. जन्मभर जमिनी मोजायचं काम केलेला माणूस. शब्द मोजून बोलणारा आणि मापाला पक्का. मागच्या वर्षी खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी बजावलं होतं, बसताना गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. छोट्या गाडीत नेमका तो जायचा. आठवड्यातून दोनदा त्यांना फिजिओकडे न्यायचं म्हणजे घरात लगीनघाई. बायको काखेत हात घालून ओढणार, कानसेन पाय उचलून बाहेर ठेवणार, आणि सासरे दात आवळून म्हणणार, "सावकाश. मी काही कपाट नाही."

शेवटी बायकोने विषय काढला. ती औषधांच्या दुकानात काम करायची, दिवसभर उभी असायची आणि घरी आल्यावर लांबण लावलेलं तिला चालायचं नाही. "अहो, गाडी बदलायची. मधल्या आकाराची, चार दारांची, मागे डिकी असलेली. अण्णांना नीट बसता-उठता आलं पाहिजे. नवी की जुनी ते तुम्ही ठरवा. तुम्हाला कळतं."

त्या शेवटच्या दोन शब्दांत कानसेन अडकला.

सासऱ्यांनी स्टीलचा टेप काढून घरातल्या सगळ्या खुर्च्या मोजल्या आणि निकाल दिला: सीट जमिनीपासून बावन्न ते छप्पन्न सेंटीमीटरवर हवी. खाली असली तर उठता येत नाही, वर असली तर पाय टेकत नाहीत. उंच गाड्या तिथेच बाद झाल्या. राहिल्या सेडान. नव्यांपैकी खिशाला झेपणारी होती ती एक नंबर लहान. शोरूममधला पोरगेला विक्रेता "सर, ही फॅमिलीसाठीच बनवलीय" म्हणत असताना सासरे टेप लावून म्हणाले, "अठ्ठेचाळीस. फॅमिलीत म्हातारे नसतात का तुमच्याकडे?" मापात बसणारी मधली नवी घ्यायची तर मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्याला हात लावावा लागला असता, आणि त्या गोष्टीवर नवरा-बायकोचं कधी नव्हे ते एकमत होतं. म्हणजे जुनी.

आणि जुनी म्हटली की कानसेनची झोप उडायची. दुसऱ्याची गाडी बघताना तो म्हणायचा, "चालेल, तीन वर्षं काढेल." स्वतःच्या घरासाठी बघताना त्याला चोवीस वर्षांत पाहिलेला एकूण एक दोष आठवायचा. मीटर मागे फिरवलेला. पुरात बुडून वर आलेली. एअरबॅगच्या जागी चिंध्या कोंबलेली. पाच महिन्यांत त्याने सतरा गाड्या नाकारल्या. एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आईला बघायला गेलास तेव्हा कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावला नव्हतास हे आमचं नशीब." घरात सगळे हसले. तोही हसला, पण त्याला ते लागलं.

अठरावी गाडी जुन्या गाड्यांच्या एका आवारात मिळाली. आवार चालवायची एक पन्नाशीची बाई. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि धंदा विकून टाका म्हणणाऱ्या सगळ्या दिरांना हात जोडून तिने तो स्वतःच्या अंगावर घेतला. तिला सगळे मालकीणबाई म्हणत. खांद्यावर फडकं टाकून ती स्वतः काचा पुसत होती. "लपवाछपवी माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "हिचा एसी मागे कमी लागतो. उजव्या आरशाला चरा आहे. बाकी गाडी गुणाची आहे."

राखाडी निळ्या रंगाची सेडान. सहा वर्षं जुनी, एकाच मालकाची. सासऱ्यांनी टेप लावला. चोपन्न. मग काठी मुलीच्या हातात देऊन ते मागे बसले, दोन मिनिटं डोळे मिटून राहिले, आणि दाराच्या चौकटीला धरून एकटेच उठून बाहेर उभे राहिले. ना कुणी काखेत हात घातला, ना कुणी पाय उचलला. वर्षभरात पहिल्यांदा. बायकोने तोंड फिरवलं आणि पदराने नाक पुसलं. मग एवढंच म्हणाली, "हीच."

कानसेनने इंजिन ऐकलं. मांजर गुरगुरावं तसं एकसारखं. गाडी चालवून पाहिली. सरळ धावत होती, ब्रेक जागच्या जागी. मोठं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. ऑफिसात चहा आला, मालकीणबाईंनी कागदांची फाईल पुढे सरकवली आणि हसून म्हणाल्या, "तुम्हाला काय दाखवायचं? तुमचीच सही आहे. ती बघूनच तर मी घेतली."

तपासणीचा दाखला चौदा महिन्यांपूर्वीचा होता. रांग क्रमांक तीन. खाली त्याची वळणदार सही. कानसेनने तारीख वाचली आणि त्याचा चहा तोंडातच राहिला.

त्या महिन्यात तिसऱ्या रांगेची लिफ्ट बंद पडली होती. गाडी वर उचलल्याशिवाय तिचं पोट दिसत नाही, आणि पोट बघितल्याशिवाय सही करायची नाही हा तपासणीचा पहिला धडा. पहिल्या दिवशी कानसेन साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "सुटा भाग यायला वेळ लागेल. बाहेर रांग बघ किती लागलीय. वरवर बघ, ब्रेक बघ, धूर बघ आणि सोड. तुझा कान आहे ना!" दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. अकरा दिवस लिफ्ट बंद होती आणि अकरा दिवस तो सह्या करत होता. लिफ्ट सुरू झाल्यावर त्याने तो विषय मनातून काढून टाकला. निदान त्याला तसं वाटत होतं.

"आलोच," म्हणून तो उठला. आवारातला एक पुठ्ठा घेतला, गाडीशेजारी जमिनीवर अंथरला आणि मोबाइलचा टॉर्च लावून खाली सरकला. पोटावर काळ्या रंगाचा जाड थर होता; एवढा जाड कुणी उगाच देत नाही. त्याने किल्लीने खरवडलं. आतून जोडकामाची रेघ निघाली, वेडीवाकडी, कुठे फुगलेली, कुठे नुसती चिकटलेली. एका बाजूच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बरोबर मागच्या सीटच्या खालून. ही एक गाडी नव्हतीच. मागून चेपलेल्या एका गाडीचा पुढचा अर्धा भाग आणि पुढून चेपलेल्या दुसरीचा मागचा अर्धा, दोन्ही कापून एकमेकांना जोडले होते. रोजच्या रस्त्यावर ती वर्षानुवर्षं चालली असती. एक दणका बसला की मात्र मधोमध फाटली असती, आणि फाटली असती ती सासरे बसले होते तिथे.

लिफ्टवर घेतली असती तर हा जोड त्याला लांबूनही दिसला असता.

तो पुठ्ठ्यावर तसाच पडून राहिला. वरून बायकोचा आवाज येत होता, मुलगी डिकी उघडून बघत होती. बाहेर येऊन खरं सांगावं तर पहिला प्रश्न हाच येणार, मग दाखला कुणी दिला? न सांगावं तर हे तिघं हिच्यातच बसणार. आणि आपण नको म्हटलं तरी गाडी इथेच राहणार, आपली सही घेऊन, दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांसाठी.

पाठीला माती लागलेला तो ऑफिसात परतला. "काय, बरोबर आहे ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं.

"काय खोट आहे तिच्यात?" बायकोने विचारलं.

"गिअरबॉक्सचा आवाज आहे."

"मला नाही आला."

"तुला कसा येईल?"

"नाहीच येणार. मला फक्त अण्णांचं कण्हणं ऐकू येतं. तुम्हाला सोडून घरात सगळ्यांना येतं." ती आत निघून गेली. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, ते त्याला जास्त जड गेलं. सतरा वेळा त्याने खरी खोट सांगितली होती. अठराव्या वेळी पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि नेमकं आताच कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

बुधवारी जेवताना बायकोने ताटातून मान वर न करता सांगितलं, "मी बयाणा देऊन आले. शनिवारी गाडी घरी येईल. गिअरबॉक्सचं काय ते तुम्ही दुरुस्त करून घ्या, तुमचाच धंदा आहे." सासरे म्हणाले, "बरं केलंस." आता कानसेनच्या हातात तीन दिवस होते.

गुरुवारी सकाळी तो सासऱ्यांना फिजिओकडे घेऊन गेला. गाडी लावली, चावी काढली, पण उतरला नाही. मागे सासरे दार उघडायची वाट बघत होते.

"जावईबापू, झोप लागली का?"

"अण्णा, त्या गाडीत तुम्हाला बसवता येणार नाही." आणि मग त्याने सगळं सांगितलं. लिफ्ट, साहेब, अकरा दिवस, जोड. समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. आरशात बघायचा धीर झाला नाही.

मागून सासऱ्यांनी आधी आकडाच विचारला.

"अकरा दिवसांत किती गाड्या?"

"दोनशे एकोणचाळीस. काल कॉम्प्युटरवर मोजल्या."

"त्यात अशा किती?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"मग मला एकट्याला सांगून काय उपयोग? मी तर त्या गाडीतून अजून एकदाही गेलेलो नाही." सासऱ्यांचा आवाज चढला नव्हता, पण थंड होता. "घरी मी सांगणार नाही. माझी लेक तुमचा शब्द धरून बसलेली असते, तिला तुम्हीच सांगा. आणि आता दार उघडा. मला या डब्यात कोंडून तुम्ही बोललात, ते मला आवडलेलं नाही."

बायकोला त्याने संध्याकाळी सांगितलं, ती दुकानातून येऊन चपला काढत असताना. ती एक चप्पल पायात आणि एक हातात धरून ऐकत राहिली.

"मी रोज शंभर चिठ्ठ्या वाचते," ती शेवटी म्हणाली. "एक जरी न वाचता औषध दिलं तर काय होईल, या भीतीने मी पाकिटावरचं नाव दोनदा ताडून बघते. अकरा दिवस तू रोज घरी येत होतास. जेवत होतास. टीव्ही बघत होतास."

वीस वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली होती. ते 'तू' त्याच्या कानशिलात बसलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दुसरी चप्पल काढून आत गेली.

शुक्रवारी सकाळी तो साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, त्या सगळ्या गाड्या परत बोलवायला हव्यात. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"लिफ्ट बंद होती हे कुठे लिहिलंय?"

"तुम्हीच म्हणालात सोड म्हणून."

"कुठे लिहिलंय?" साहेबांनी पुन्हा विचारलं, अगदी आपुलकीने. "दाखल्यावर कुणाची सही आहे? माझी? अरे, चार वर्षं राहिलीत तुझ्या पेन्शनला. एक गाडी खराब निघाली ना? घेऊ नकोस ती. संपलं. बाकीच्या पुढच्या तपासणीला येतीलच." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्या हाताच्या वजनाने कानसेनला एवढं कळलं, की हा माणूस हात झटकून मोकळा झाला आहे आणि आपल्याला मोकळं व्हायला कुठे जागाच नाही.

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो आवारात गेला. मालकीणबाई निळ्या गाडीला उद्यासाठी चकाकी आणत होत्या. त्याने त्यांना खाली वाकायला लावून जोड दाखवला, आणि तो न बघता आपण सही केली होती हेही सांगितलं.

त्या उठल्या. हातातलं फडकं त्यांनी जमिनीवर आपटलं. "गेल्या शनिवारी आलात तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"आणि विचार करून सांगतो म्हणालात! परवा तुमच्या बायकोकडून बयाणा घेतला मी. आज एक जोडपं आलं होतं, बाईला सातवा महिना. गाडी ठरली नसती तर त्यांना दिली असती. तुमचं नाव सांगून दिली असती!" त्यांना दम लागला. "आता तोंडी सांगून पळू नका. लिहा. काय केलंत ते सगळं लिहून सही करा. तुमच्या सहीने मी फसले, तीच सही मला कागदावर हवी."

त्यांनी ऑफिसातून पॅड आणून बॉनेटवर ठेवलं. कानसेनने उभ्याने लिहिलं. दीड पान झालं. साहेबांचं म्हणणं लिहिलं, पण सही आपण स्वतः केली हे आधी लिहिलं.

तो कागद घेऊन मालकीणबाई वरच्या कार्यालयात गेल्या आणि चौकशी लागली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या पावतीवर बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची तारीख होती, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता आलं नाही. त्यांची बदली झाली. कानसेनचा सही करायचा अधिकार काढून घेतला आणि त्याला काचेच्या एका खोक्यासारख्या केबिनमध्ये फोनपाशी बसवलं. काम एकच: त्या दोनशे एकोणचाळीस मालकांना फोन करायचे आणि गाडी पुन्हा तपासायला बोलवायचं. काचेपलीकडे तिसरी रांग चालू असायची. नवा तपासनीस चांगला होता. गाडी वर घेऊन सगळं पाहायचा. इंजिनचा आवाज मात्र केबिनमध्ये येत नसे.

लोक फोनवर हवं ते बोलायचे. कुणी शिव्या दिल्या, कुणी विचारलं, "तेव्हा झोपला होता का हो तुमचा माणूस?" "हो, तो मीच," असं म्हणायला त्याला पहिला महिना जमलं नाही. नंतर जमलं.

दोनशे एकवीस गाड्या आल्या. सात आधीच भंगारात गेल्या होत्या. आलेल्यांपैकी चार रस्त्यावरून काढाव्या लागल्या. निळी सेडान त्यांतलीच. मालकीणबाईंनी बयाणा परत केला आणि नुकसान सोसलं. कानसेनने अर्धं भरून देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. रस्त्यात समोर आल्या तर आता त्या दुसऱ्या बाजूने जातात.

घरी नवीच गाडी आली, एक नंबर लहान असलेली तीच. या वेळी बायकोने एकटीने ठरवलं. तिने शोरूममध्ये चारदा जाऊन शोधून काढलं, की मागची सीट खाली असली तरी पुढची दांड्याने वर उचलता येते. त्यामुळे सासरे पुढे बसतात, बायको आणि मुलगी मागे गुडघे पोटाशी घेऊन. बायको त्याला पुन्हा 'अहो' म्हणू लागली आहे, कधीपासून ते त्याच्या नीट लक्षात नाही. गाडीला अजून नवेपणाचा वास येतो.

अकरा गाड्यांचा पत्ता लागलेला नाही. मालकांनी विकल्या, घेणाऱ्यांनी पुढे विकल्या, फोन बदलले. त्यांतल्या नऊ बहुधा धडधाकट असतील. दहाही असतील. त्या अकरा गाड्यांचे नंबर कानसेनला पाठ आहेत. गाडी चालवताना तो शेजारच्या रांगेतल्या गाड्यांच्या पाट्या वाचत असतो. परवा फिजिओकडे जाताना चौकात त्याच्या उजवीकडे, थोडी पुढे, एक पांढरी सेडान येऊन थांबली. मागे दोन मुलं एकमेकांना चिमटे काढत होती. पाटीचे शेवटचे दोन आकडे तिच्या मागे घुसलेल्या स्कूटरमुळे दिसत नव्हते. तो मान लांब करून बघत राहिला.

"अहो," मागून बायको म्हणाली, "पुढे बघा. सिग्नल सुटला."